बाळांच्या कत्तलीला हलगी

गेल्या डिसेंबरात पाचगणीच्या एका शाळेत येशूच्या जन्मावरचा नवा ऑरॅटोरिओ ऐकला. हे नाटक नसतं; गायक रांगेत उभे राहून सगळी गोष्ट गातात. शेजारी आई होती, माण तालुक्यातल्या आमच्या गावाहून माझ्याकडे राहायला आलेली. मला वाटलं होतं, गोठा, तारा, मेंढपाळ आणि शेवटी केक. नाताळचा हा गुळचटपणा मला कधीच सोसला नाही.

पण रचनाकार धीट निघाला. नवं जन्मलेलं बाळ आपलं राज्य घेईल या भीतीनं तिथल्या राजाचे सैनिक बेथलेहेमची तान्ही बाळं मारायला निघाले, तेव्हा त्यानं पियानो, व्हायोलिन सगळं बंद करून एकटी हलगी ठेवली. ठेका मी लगेच ओळखला. आमच्या जत्रेत बोकडाच्या मानेवर कोयता पडायच्या आधी हाच वाजतो आणि मुंडकं धुळीत पडेपर्यंत चढत जातो. पुढच्या रांगेतले लोक त्यावर पायानं ताल धरत होते. एकेकाच्या कानाखाली जाळ काढावा असं वाटलं. गायिका आयांचा आक्रोश गात होत्या, आणि हलगीच्या एकेका फटक्याला त्यातला एकेक आवाज मधूनच तुटत होता.

तेवढ्यात आईचा हात माझ्या डोळ्यांवर आला.

"बघू नगंस," ती म्हणाली.

स्टेजवर बघण्यासारखं काहीच नव्हतं, नुसते काळ्या कपड्यांतले गायक होते. तरी, पन्नाशीत असूनही, मी तो हात काढला नाही. जत्रेतही ती असेच माझे डोळे झाकायची. कान उघडेच राहायचे.