आधी आडनाव, मग खोली

मेहकरहून चिखलीला येणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. पन्नाशी उलटलेली, पांढऱ्या साडीतली. मांडीवरची पिशवी धरून ती पुटपुटत होती, "बुओन जोर्नो. वोरेई उना कामेरा, पेर फावोरे." प्रत्येक 'पेर फावोरे'ला मान किंचित झुकायची.

न राहवून मी विचारलंच.

"इटालियन हाय, भाऊ. नमस्कार, मले एक खोली पाह्यजे, कृपा करून. पोरगी तिकडं शिकते. तिच्या पदवीले चालली मी."

"मग तिलाच सांगा ना, मावशी. मोबाइलवर बुक होते."

"काऊन?" ती माझ्याकडे वळली. "नर्स होती मी. बदली झाली का खोली पाहाले हात जोडत फिरे. मालक पहिले आडनाव इचारे. आयकलं का म्हणे, खोली आत्ताच गेली, बाई. आता मीच मांगीन."

माझ्या आडनावामुळे कधी कुठली खोली 'आत्ताच' गेली नव्हती.

चिखलीच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या तिने थेट इटलीतल्या हॉटेलला फोन लावला. पाठ केलेलं वाक्य म्हटलं, सगळ्या अदबीने, पण मान ताठ ठेवून. आणि खोली आहे की नाही हे पलीकडून कळायच्या आधीच आपलं आडनाव सांगितलं. मग एकेक अक्षर सुटं करून पुन्हा, अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं. लोक वळून पाहू लागले. ती हलली नाही.

फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "हाय म्हणे."