दहाची नाणी चालतात, हे मला ठाऊक होतं
आज एसटीच्या कंडक्टरने दहाचं नाणं हातावर ठेवलं आणि तळहाताला तोच पितळी वास आला. घाटंजीत माझं किराणा दुकान होतं. समोरच तांड्यावरच्या एका माणसाने नवं दुकान टाकलं होतं. त्या वर्षी ही नाणी बंद झाल्याची आवई उठली. आम्ही सगळे दुकानदार ती नाकारायचो, तो मात्र हसत घ्यायचा, त्यामुळे बाजाराच्या दिवशी माझी गिऱ्हाइकं माझ्याच ओट्यासमोरून त्याच्याकडे जात. त्याच्या तराजूचा आवाज ऐकला की मला घास गोड लागत नसे. एकदा त्यानेच विचारलं, "काका, तुमी पेपर वाचता. हे नाणे चालते ना?" ती चालतात असं सरकारने कळवल्याचं मी त्याच सकाळी वाचलं होतं. तरी म्हणालो, "कायले घेऊन राह्यला बाप्पा, बुडशील." दुपारी एक म्हातारी पदराच्या गाठीतली नाणी घेऊन तेल-मीठ न्यायला आली. त्याने तिला परत पाठवलं. मग ती माझ्याकडे आली, तर खोटं उघडं पडू नये म्हणून मीही नाही म्हणालो. "मंग आमी खावं काय?" एवढंच विचारून ती रिकामी पिशवी घेऊन उन्हात निघून गेली. संध्याकाळी तो माझ्यासाठी चहा घेऊन आला. "काका, तुमी होते म्हणून वाचलो." पुढे नाणी सगळीकडे चालू लागली, पण तेव्हा ती खरंच बंद होती असं समजून आजही तो चारचौघांत हेच सांगतो आणि मी मान डोलावतो. उद्या हे सगळं लिहिलेला हा कागद मी त्याच्याच हातात देणार आहे.