दोन्ही चाकांची परची

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो माझ्या मामांचा. आईचे थोरले भाऊ, इंदूरच्या एका कापड मिलमध्ये फिटर. धारला शाळा संपवून मी बी.ई.साठी इंदूरला आलो, तेव्हा मल्हारगंजातल्या आपल्या दोन खोल्यांपैकी पुढची त्यांनी मला दिली आणि स्वतः मामींबरोबर मागे स्वयंपाकघरात झोपू लागले. आमच्या घरात त्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. मामा मला चारचौघांत ‘आमचे इंजिनियर’ म्हणत. तेव्हा माझं पहिल्या वर्षाचं गणितसुद्धा सुटलेलं नव्हतं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना मिल बंद पडली. भोंगा थांबला, तरी मामा कित्येक दिवस डबा घेऊन फाटकापर्यंत जाऊन यायचे. मग त्यांनी एक जुनी डिझेल मोटार घेतली. गोल नाकाची, मागच्या चाकांच्या जोरावर चालणारी. मानपूरच्या पुढे आत एका गावात शाळा होती आणि तिथल्या पाच मॅडम इंदूरहून रोज जा-ये करत. मामा त्यांना नेऊ-आणू लागले. आमचं घर त्या पाच जणींवर चालू लागलं.

शेवटचा रस्ता काळ्या मातीचा होता. पावसाळ्यात एक मागचं चाक चिखलात जाऊन जागच्या जागी गरगरायचं आणि दुसरं, बऱ्या जमिनीवरचं, ढिम्म उभं. मागच्या चाकांना जोडणाऱ्या अ‍ॅक्सलच्या मधोमध जो गोळा असतो, डिफरन्शियल, तो वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरू देतो म्हणून गाडी सहज वळते. चिखलात मात्र ज्या चाकाला काही धरायलाच नाही तेच तो फिरवत राहतो. मामांचा त्यावर स्वतःचा इलाज होता. दुसरा गिअर, क्लच अर्ध्यावर, आणि हँडब्रेक दोन खटके वर. ब्रेकमुळे गरगरणारं चाक जड झालं की दुसऱ्याला जोर मिळायचा आणि गाडी कण्हत बाहेर यायची.

दर वेळी जमायचं नाही. एका आठवड्यात दोनदा प्रार्थनेची वेळ चुकली. सर्वांत मोठ्या मॅडम घरी उतरताना म्हणाल्या, “भाऊ, तुमच्यावर राग नाही. पण आता पुन्हा उशीर झाला तर आम्ही जीपवाल्याला सांगू हं.”

त्या संध्याकाळी मामा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. “इंजिनियर साहेब, तुमच्या पुस्तकात याचा काही इलाज लिहिलाय का?”

लिहिलेला होता. तिसऱ्या वर्षाला मोटारींचा विषय होता आणि तो धडा मी आदल्याच आठवड्यात पाठ केला होता. मी आकृती काढून लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल समजावलं. “आत क्लचसारख्या चकत्या असतात मामा. एक चाक फार पळायला लागलं की त्या त्याला धरतात, मग दुसऱ्यालाही ताकद जाते.”

“आणि वळणावर?”

“वळणावर थोडं सुटू देतात. बाहेरच्या देशात तर याहून नवीन निघालंय, ट्रॅक्शन कंट्रोल. गाडी स्वतःच घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावते.”

“गजब!” मामा हसले. “म्हणजे माझी नोकरी तिला दिली. तो पहिलावाला इथं मिळेल?”

मला माहीत नव्हतं. तसं सांगायला हवं होतं. पण ते माझ्याकडे असे बघत होते की तोंडातून निघालं, “मिळायला हवं मामा. आता तर बाहेरच्या मालाला सगळं उघडलंय.” पेपरांत रोज तसंच येत होतं.

“मग परची लिहून दे.”

मिलमध्ये तशी पद्धत होती. साहेबाची लेखी परची, म्हणजे कामाची चिठ्ठी, असल्याशिवाय फिटर मशीनला हात लावत नसे आणि परचीवर आहे त्याच्या पलीकडे काही विचारत नसे. मामांनी सव्वीस वर्षं तसंच काम केलं होतं. मी वहीचं पान फाडलं आणि लिहिलं: ‘मागची दोन्ही चाकं एकत्र फिरतील असं करावं.’ खाली सही केली. आयुष्यात कोणी माझी सही मागण्याची ती पहिली वेळ होती. चकत्यांबद्दल, वळणाबद्दल मी एक शब्द लिहिला नाही.

मी कॉलेजात असताना मामा ती परची घेऊन मोटारींच्या मिस्त्रीकडे गेले. काय बोलणं झालं ते त्यांनीच मला मोठ्या कौतुकानं सांगितलं. मिस्त्री आपल्या इंदुरी बोलीत म्हणाला, “असला पार्ट तर मी बघितला नाय भिया. पण दोन्ही एकत्र फिरवायचीत ना? आत्ता करून देतो.” त्यानं गोळा उघडला आणि आतले दाते एकमेकांना वेल्डिंग करून टाकले. दोन्ही चाकं कायमची एकत्र झाली. वळणावरसुद्धा.

चिखल होता तोवर गाडी नांगरासारखी चालली. मॅडमनी घरी पेढे पाठवले. मामी मला म्हणाल्या, “बघ, तुझ्या शिक्षणानं घर वाचवलं.”

मग पाऊस संपला. कोरड्या रस्त्यावर गाडी वळली की मागचे टायर किंचाळायचे. मल्हारगंजाच्या कोपऱ्यावर पानवाला ओरडायचा, “मामाजी, मांजर चिरडली की काय?” मला तो आवाज कळत होता. बाहेरचं चाक जास्त पळू बघतंय, त्याला पळता येत नाही आणि सगळा पीळ अ‍ॅक्सलच्या शाफ्टवर येतोय. एकदा मी म्हटलं, “मामा, हा आवाज बरा नाही.”

“बसेल बेटा. नवं काम आहे.” त्यांनी खिशावर हात ठेवला. “परचीप्रमाणेच केलंय.”

 वेल्डिंग खोलायला सांगायचं तर सही चुकली असं म्हणावं लागलं असतं.

एका शनिवारी मी पुढच्या सीटवर होतो. मानपूरच्या अलीकडे उताराचं वळण आलं आणि मागून बंदुकीसारखा आवाज झाला. शाफ्ट तुटून मागचं डावं चाक निघालं आणि आमच्याआधी शेतात गेलं. गाडी खरडत कडेच्या दगडांवर थांबली. सर्वांत लहान मॅडमचं मनगट मोडलं. बाकीच्या उतरून रस्त्यात उभ्या राहिल्या. मामांनी खिशातली परची काढून मोठ्या मॅडमना दाखवली. “इंजिनियरला विचारूनच केलं होतं, मॅडम.” तक्रार नव्हती ती. ते माझी साक्ष काढत होते. आणि मी दोन हातांच्या अंतरावर उभा असून बोललो नाही.

सोमवारपासून मॅडम जीपनं जाऊ लागल्या. गाडी भंगारात गेली. मामा राऊच्या एका नव्या कॉलनीच्या फाटकावर चौकीदार झाले. त्याच पगारातून त्यांनी माझं शेवटचं वर्ष पुरं केलं. त्यांनी मला कधी एका शब्दानं विचारलं नाही आणि त्यामुळे मला सांगताही आलं नाही.

पुढे मी मोटारींच्याच नोकरीत लागलो. बऱ्याच वर्षांनी चाचणीसाठी बाहेरची, हातानं गिअर टाकायची एक गाडी आमच्याकडे आली. त्या दिवशी घरी येऊन मी पत्र लिहिलं.

ती. मामा,

नमस्कार. आज आमच्याकडे ट्रॅक्शन कंट्रोलची गाडी आली. एक चाक ओल्या फरशीवर ठेवून मी क्लच सोडला. चाक घसरलं, गाडीनं स्वतःच त्याला ब्रेक लावला आणि दुसऱ्या चाकावर ती बाहेर आली. तुमचा हँडब्रेकचा इलाज तोच. फक्त तुम्ही तो हातानं करत होता.

मग चिखलात घातली. तिथे तिनं इंजिनचीच ताकद कापली आणि आमच्या ड्रायव्हरनं क्लच सोडताच ती बंद पडली. शेजारची चकत्यांची गाडी निघून गेली. इथं सगळे भांडत होते, दोन्हींत चांगलं काय. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, चालवणारा कोण आहे ते आधी सांगा.

मामा, चकत्या थोडं सुटू देतात. वेल्डिंग सुटू देत नाही. हे मला तेव्हाही येत होतं, मी ते परचीवर लिहिलं नाही. तो पार्ट इंदुरात मिळतो की नाही हेही मला ठाऊक नव्हतं. टायर ओरडायला लागले तेव्हा काय होणार ते मला कळलं होतं. मानपूरच्या वळणावर तुम्ही मॅडमना परची दाखवलीत तेव्हा चूक माझी आहे असं म्हणायला हवं होतं. मिस्त्रीची चूक नव्हती, तुमची तर नव्हतीच.

तुम्ही सांगायचात, मिलमध्ये साहेब दिलेली परची परत घेत नसत. मी घेतो आहे. मामी म्हणाल्या, ती अजून तुमच्या पेटीत माझ्या मार्कशीटबरोबर आहे. ती काढा आणि फाडून टाका. तिच्या जागी हे पत्र ठेवा. खाली सही केली आहे.

तुमचा भाचा