लाल खडूची फुली

आमच्या चाळीतले खडूमामा कोणत्याही वस्तूकडे प्रथम संशयाने पाहत. पिंपरीतल्या एका कंपनीत ते तपासनीस होते. सदोष भागावर लाल खडूने फुली मारणे हे त्यांचे काम. शिफ्ट संपली तरी तो खडू खिशातच असे. मामींची करपलेली भाकरी, माझी गणिताची वही, शेजाऱ्यांचे नवे कपाट, एकदा तर चाळीच्या एका होऊ घातलेल्या जावयाची सायकल, काहीही त्या फुलीतून सुटले नाही. "फुली म्हंजे शिवी न्हाई, पोरी," ते म्हणत. "फुली म्हंजे कुणाचा तरी हात वाचला."

मी अबोल होते. उत्तर येत असूनही वर्गात हात वर करत नसे. म्हणून, सत्तरच्या दशकातल्या एका एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीसाठी चित्ररथ करायचे ठरले आणि मामांनी मदतीला मला निवडले, तेव्हा चाळीइतकीच मीही चकित झाले. "बोलत न्हाई ती बघती," एवढेच कारण त्यांनी दिले.

रथ म्हणजे भंगारातून आणलेली हातगाडी. तिच्यावर लोखंडी पट्ट्यांचा चौथरा, त्यावर पत्र्याचे तळे, तळ्यात खरे पाणी आणि काठावर ओंजळ धरून बसणारी आम्ही पाच मुले. पाणी निळ्या कागदाचे करावे, असे अनेकांनी सुचवले. मामा म्हणाले, "आपल्या माणसांनी तळ्याच्या पाण्यापायी मार खाल्ला. तिथं कागद दावायचा व्हय?" पंधरा दिवस मी पट्ट्या घासल्या, रंग ढवळला. वेल्डिंग मात्र त्यांनी स्वतः केले. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी त्यांनी खडू माझ्या हाती ठेवला. "आज तपासनीस तू. समदे जोड बघ."

मी वाकून एकेक जोड पाहिला. मागच्या कोपऱ्यातल्या जोडावर केसासारखी बारीक चीर होती. मामा रथाकडे नव्या नातवाकडे पाहावे तसे पाहत होते. "ओके?" त्यांनी विचारले. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुले नटून उभी असताना मामांनी आधी चार दांडग्या कामगारांना चौथऱ्यावर चढायला सांगितले.

"अवं मामा, पोरं बसायचीत, म्हशी न्हाईत!" कुणीतरी ओरडले.

"पोरं बसायचीत म्हणूनच. चढा."

चौथा माणूस चढला आणि मागचा कोपरा कडाडून तुटला. चौथरा कलला, माणसे रस्त्यावर पडली, तळे उलटले. पत्र्याची धार आमच्या बसायच्या फळीत रुतली. जिथे मी बसणार होते, नेमकी तिथेच. हलगी थांबली. माझ्या पायांखालून पाणी वाहत होते.

मामांनी तुटका जोड उचलला. "दिसलं व्हतं?"

"हो."

"मग?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

ते माझ्याकडे पाहतच राहिले. रथ मोडल्याचाही बसला नसेल, एवढा धक्का त्यांना या उत्तराचा बसला असावा. मग हलकेच म्हणाले, "माझं वाईट वाटणं तुला तपासाया दिलं नव्हतं, पोरी." त्यांनी त्या जोडावर फुली मारली आणि दुसरी स्वतःच्या तळहातावर. त्या वर्षी आम्ही पाच जण पाण्याचे भरलेले तांबे घेऊन पायी चाललो. मामा मूठ मिटून मागून येत होते.

काही वर्षांनी मामा अंथरुणाला खिळले. मी कॉलेजातून भेटायला गेले, तेव्हा खोली नातेवाइकांनी भरलेली होती. "आठ दिवसांत ड्युटीवर जाल, मामा," जो तो म्हणत होता. मामांची नजर माझ्यावर स्थिरावली.

"तू सांग. ओके?"

"नाही, मामा."

मामींच्या हातातली वाटी हातातच राहिली. मला वाटले, ते आता तोंड फिरवतील. त्यांनी उशाखालून खडूचा झिजलेला तुकडा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"आता ह्या समद्यांना भाईर काढ," ते म्हणाले, "आन् मामीला माझ्याजवळ बसव. तिला लई सांगायचं ऱ्हायलंय. कुणी बोलूच देईना."