मिशीवर बोट

आमच्या न्हाव्याला सगळे रेडिओ म्हणतात. गळ्याला टॉवेल बांधला की बातम्या सुरू! बायपास झाली, छातीची जखम भरली, जिने चढू लागला, पण डोक्यातलं स्टेशन अधूनमधून गुल व्हायला लागलं. विमा एजंटाची भानगड त्याने रंगवून रंगवून खुद्द विमा एजंटालाच सांगितली.

डॉक्टर म्हणाले, "हृदयाच्या ऑपरेशननंतर काहींना असं होतं. कुणाचं ओसरतं, कुणाचं नाही."

"म्हणजे तुम्हालाही ठाऊक नाही," रेडिओ म्हणाला आणि दुकानात जाऊन वस्तऱ्याला नवं पातं लावलं.

आणि हेडमास्तरांची अर्धी मिशी गेली. जन्मभर जपलेली! ती ठेवायची असते हेच रेडिओच्या डोक्यातून उडालं. उरलेली अर्धी हेडमास्तरांनी डोळे मिटून काढून घेतली.

मुलगा भडकला. "बाबा, तुमच्या खुर्चीपाशी दुसरा माणूस उभा करतो. तुम्ही गल्ल्यावर बसा."

"गल्ल्याच्या वर फोटो लावतात. वेळ आली की लाव." रेडिओने हात पुढे केला. "थरथरतोय?"

"हाताचं कोण म्हणतंय? विसरता तुम्ही!"

"विसरतो! मग?"

दुसऱ्या दिवशी त्याने गिऱ्हाइकांना ठणकावून सांगितलं, "केस मुलगा कापेल. कापता कापता विसरलो तर कुठे थांबलो ते कळत नाही. दाढी माझी. फेस दिसेल तिथलं काम बाकी. मिशी प्यारी असेल त्याने तिच्यावर बोट धरून बसायचं!"

त्यांतले दोघं खो खो हसून मुलाच्या रांगेत गेले. खाटीक मात्र मुकाट्याने बोट धरून बसला.

"लोक काय बोलतील, बाबा?"

"बोलू देत. इतकी वर्षं मी त्यांच्याबद्दल बोललो, आता त्यांची पाळी."

दुपारी दुकान रिकामं झालं तसा मुलगा स्वतःच बापाच्या खुर्चीत बसला, मिशीवर बोट ठेवून. "माझी नीट केलीत तर खुर्ची तुमची."

रेडिओने फेस लावला. एक गाल साफ झाला. पलीकडच्या शिंपिणीने नवऱ्याला घराबाहेर कसं काढलं ते रंगात आलं होतं, आणि वस्तरा हवेतच थांबला. नजर कोरी. मुलाने मिशीवरचं बोट आणखी घट्ट दाबलं.

"कुठे होतो रे मी?"

"डावा गाल, बाबा."

"फेस दिसतोय मला, गाढवा! शिंपिणीचं कुठपर्यंत आलं होतं?"

"नवरा... नवरा जिन्यात उभा होता."

"हां! तर जिन्यात—" म्हणत रेडिओने डाव्या गालावर वस्तरा टेकवला.