चंद्रावती मयेकर समितीवर गेली

विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रयोगशाळा मदतनीस असलेल्या चंद्रावती मयेकरच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. सकाळी सातला डिचोलीहून बस, पणजीला उतरून दुसरी बस आणि मग चढण. हल्ली नुसती चढण दिसली तरी तिचे गुडघे दुखू लागायचे.

त्या वर्षी विद्यापीठानं ठरवलं, की छोटे विभाग एकत्र करून मोठी संकुलं करायची, आणि त्याआधी सगळ्यांना विचारायचं. त्यासाठी नेमलेल्या समितीवर प्राध्यापक आले, विद्यार्थी आले. कर्मचाऱ्यांतून एकजण हवा होता, पण कोणी तयार होईना. शेवटी संघटनेचा गौरेश प्रयोगशाळेत आला.

"चंद्रावतीबाय, तुझं नाव घातलंय."

"माझं? मी तिथं काय सांगू?"

"सांगायचं काय? बसायचं. चहा मिळतो."

ती बसली. एकामागून एक पाच बैठका झाल्या. पडद्यावर चौकटी यायच्या, चौकटींना बाण जोडले जायचे. आपल्या विभागाचं नाव पाटीवर राहावं म्हणून कोणी तासभर भांडायचं. चंद्रावती टेबलाखाली गुडघे चोळत ऐकायची. समितीचे अध्यक्ष अविनाश केरकर सर सरळ माणूस. दर बैठकीच्या शेवटी ते तिच्याकडे वळून विचारायचे, "बाई, तुम्हाला काही सांगायचंय?" ती मान हलवायची. "नाही, सर." घरी जाऊन आडवं व्हायचं, एवढंच तिच्या मनात असायचं.

सहाव्या बैठकीत वेळापत्रक आलं. दोन विभागांना मिळून एकच प्रयोगशाळा, म्हणून प्रात्यक्षिकं दुपारी अडीचपासून संध्याकाळी सहापर्यंत. विद्यार्थ्यांच्या वतीनं बसलेली पेडण्याची समीक्षा म्हणाली, "सर, लांबच्या मुलींना इतका उशीर जमणार नाही."

"आताही साडेपाचपर्यंत थांबतातच की," वनस्पतिशास्त्राच्या प्रमुख अमृता मॅडम म्हणाल्या. "दहा वर्षांची हजेरी पाहा. मधेच कोणी गेलेलं नाही."

पडद्यावर हजेरीपटाचं पान आलं. अक्षर चंद्रावतीचं होतं. प्रत्येक नावापुढे जाण्याची वेळ एकच, साडेपाच.

गप्प राहिलं तर उरलेले महिने सहज निघून जातील, हे तिला कळत होतं. ती उठून उभी राहिली.

"सर, ती हजेरी खरी नाही."

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"पेडणे, सत्तरीतल्या आतल्या गावच्या मुली चारला जातात. पेडण्याला, वाळपईला पोचून पुढे गावची बस धरायची असते त्यांना. मॅडम शिकवून गेल्या, की हजेरीपट माझ्याकडे असतो. वेळ मी घालते. त्यांचं राहिलेलं काम मी आवरते."

"चंद्रावती, काय बोलतेस कळतंय तुला?" मॅडमचा आवाज चढला.

"कळतंय, मॅडम."

"कधीपासून चाललंय हे?" केरकर सरांनी विचारलं.

"कोरगावची सेजल म्हणून एक मुलगी होती. मी साडेपाचपर्यंत थांबवलं, म्हणून दोनदा तिची शेवटची बस चुकली. पेडण्याहून काळोखातून चालत घरी गेली. तिसऱ्यांदा चुकली, तेव्हा बापानं शिक्षणच बंद केलं. हुशार होती हो. सामान परत करायला आली, तेव्हा माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून." ती खाली बसली. "चूक असेल तर माझी. मुलींना काही करू नका."

केरकर सरांनी समीक्षाला कुठल्या गावची शेवटची बस किती वाजता, ते विचारलं. ती एकेक गाव सांगत गेली, सर लिहीत गेले.

आठवड्यानं चंद्रावतीला खुलासा मागणारं पत्र आलं. गौरेश म्हणाला, "नजरचुकीनं झालं असं लिही, सुटशील." तिनं लिहिलं, "नजरचुकीनं झालं नाही. समजून केलं." तिच्या सेवापुस्तकात ताकिदीची नोंद झाली. अमृता मॅडम तिच्याशी कामापुरतंच बोलू लागल्या. घरी नवरा म्हणाला, "एवढी वर्षं गप्प होतीस, अजून वर्षभर राहिली असतीस." ती जाऊन आडवी झाली. वाद घालायचं त्राणच नव्हतं.

जूनमध्ये नवीन संकुल सुरू झालं. विभागाची पाटी उतरली. प्रात्यक्षिकं मात्र दोन्ही विभागांना दिवस वाटून देऊन सकाळी दहा ते एक ठेवली होती. पहिल्या दिवशी सगळ्या मुली एकपर्यंत थांबल्या, आपापलं सामान धुऊन ठेवून गेल्या. चारला चंद्रावतीला आवरण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ती थोडा वेळ स्टुलावर बसून राहिली, मग पिशवी घेऊन निघाली.

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. डोळा कधी लागला, कळलं नाही. कंडक्टरनं हलवून उठवलं तेव्हा डिचोली मागे पडून साखळी आली होती. ती सावकाश उतरली, आणि रस्ता ओलांडून उलट्या बसची वाट बघत उभी राहिली.