कोर्ट उठेपर्यंत

नवलाख उंबऱ्याच्या भागुबाईच्या पोटात तीळ भिजत नाही, असं अख्खं गाव म्हणायचं. गावाचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला! याच भागुबाईनं एका पोरीचं नाव दीड वर्ष पोटात ठेवलं, अगदी भर कोर्टातही.

कारखान्याच्या कँटीनमध्ये ती अकरा वर्षं स्वयंपाकाला होती. एका दुपारी बेसन आणायला कोठीत गेली, तर सुपरवायझर प्रितमनं तेजलला, म्हणजे भांडी घासणाऱ्या पोरीला, भिंतीशी दाबून धरलेलं. भागुबाईला बघून तो हसत बाहेर आला. हसला, तेच चुकलं. भागुबाईनं मागोमाग येऊन कढईतला झारा उचलला आणि सगळ्यांसमोर त्याच्या कपाळात घातला. चार टाके पडले. झारा दहा जणांनी बघितला, कोठीतलं मात्र त्या तिघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. पोलिसांनी झारा मुद्देमाल म्हणून नेला. ठेकेदारानं सांगून टाकलं, "शिक्षा झाली की गेटपास बंद." घरात कमावणारी ती एकटीच.

त्याच संध्याकाळी तेजलनं तिचे हात धरले. "मावशी, माझं नाव नको. घरी कळलं तर मलाच घरात बसवतील." भागुबाईनं शब्द दिला.

वकील मिळाल्या लोणावळ्याच्या अनघाबाई, हुशार आणि तोंडाच्या फटकळ. भागुबाई नाव सांगेना, पण त्या दुपारी भांड्यांवर कोण होतं ते त्यांनी स्वतःच हुडकलं. त्यांनी पहिल्याच भेटीत वाटणी करून दिली. "मावशी, गुन्हा कबूल करायचा की नाही, ते तुम्ही ठरवायचं. साक्षीला कुणाला बोलवायचं, काय विचारायचं, ते मी. मी तेजलला बोलावणार."

"तिला न्हाई बोलवायचं."

"मग का मारलंत ते सांगणार कोण? मी काय कोर्टात उभी राहून भजन म्हणू?"

"तुमचं तुमी ठरवा, माझं मी ठरवते. पण पोरीचं पोरगीच ठरवंल की! तुमच्या वाटणीत तिला कुटं धरलीय?"

अनघाबाई चिडल्या. चिडणारच, जिंकायची केस हातची जात होती. "एकदा तिला विचारून तरी बघा," म्हणाल्या. भागुबाईनं विचारलं. तेजलनं मान खाली घालून नकार दिला. तेव्हा भागुबाईला तिचा राग आला, अगदी खरा राग आला. भाकरी कुणाची जाणार होती? पण तो राग तिनं गिळला आणि पोरीला चहा दिला.

दीड वर्षानं तारीख लागली. वडगावच्या कोर्टात न्यायाधीशांनी आरोप वाचून दाखवला आणि गुन्हा कबूल आहे का, असं विचारलं. 'नाही' म्हणायचं, हे अनघाबाईंनी दहादा बजावलं होतं. पण नाही म्हटलं की साक्षी सुरू होणार, आणि साक्षी सुरू झाल्या की का मारलं, कुणासाठी मारलं, हे निघणारच. एवढं भागुबाईला कळत होतं.

"कबूल हाय सायेब. मीच मारलं."

अनघाबाईंनी कपाळाला हात लावला. कुणाचा दबाव आहे का, असं साहेबांनी दोनदा विचारलं.

"माझ्यावर? टाकणाराच दबंल, सायेब."

वय बघून, पहिलाच गुन्हा बघून साहेबांनी किरकोळ दंड केला आणि कोर्ट उठेपर्यंत तिथंच बसून राहायची शिक्षा दिली. शिक्षा लहान असो की मोठी, गेटपास गेला तो गेलाच.

भागुबाई मागच्या बाकावर बसली. घरी जाऊन काय सांगायचं, हे तिला सुचत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत तेजल आली, कँटीनचा अॅप्रन तसाच अंगावर. कुणीतरी फोन केला असणार. शेजारी बसली आणि रडायला लागली.

"गप गं. बसायचीच तर शिक्षा हाय. उभ्या जन्मात एवढी बसले नव्हते मी."

तेजल हसली नाही, पण उठलीही नाही. दुपारभर दोघी त्याच बाकावर होत्या. पाचच्या सुमाराला कोर्ट उठलं. अनघाबाई फायली आवरून निघाल्या, तेव्हा तेजल त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मॅडम, मला तक्रार द्यायचीय. प्रितमवर."

अनघाबाईंनी फायली पुन्हा टेबलावर ठेवल्या. "विचार केलायस ना? तुझ्या घरी कळेल."

"कळू दे."

"आणि साक्षीला कोण?"

भागुबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"मी हाय की. काय विचारायचं ते विचारा. ते तर तुमचंच काम."